बर्नची अकरावी खेळी

बॉबी फिशरने तेरा वर्षांचा असताना वजीर देऊन जिंकलेला डाव बुद्धिबळ शिकणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. बुद्धिबळ लेखक हान्स क्मोखने त्याला ‘शतकाचा डाव’ म्हटलं. शतक संपायला तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं शिल्लक होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. हा डाव सांगताना सगळे फिशरच्या खुर्चीत बसतात आणि थेट सतराव्या खेळीवर, म्हणजे त्याने वजीर सोडून दिला तिथे, जातात. मला तो समोरच्या, म्हणजे हरलेल्या डोनाल्ड बर्नच्या, खुर्चीतून मांडायचा आहे. दोघांच्या ताकदीत मोठं अंतर असताना डाव उलटतो तो नेमका कुठे, हे हरलेल्या बाजूने पाहिलं की जास्त स्वच्छ दिसतं. आणि या डावात ती जागा सतरावी खेळी नाही, अकरावी आहे.

आधी दोघांची ओळख. १७ ऑक्टोबर १९५६, न्यूयॉर्कमधला मार्शल चेस क्लब, रोझनवाल्ड स्मृती स्पर्धा. पांढरी मोहरी डोनाल्ड बर्नकडे. वय २६. त्याने १९५३ मध्ये बुद्धिबळाची यूएस ओपन जिंकली होती, आणि १९५४ च्या अमेरिका–सोव्हिएत संघ सामन्यात युरी आव्हरबाखसारख्या कसलेल्या ग्रँडमास्टरला ३–१ असं हरवलं होतं. म्हणजे देशातल्या पहिल्या फळीचा खेळाडू. काळ्या मोहऱ्यांमागे बसलेला मुलगा त्याच वर्षी अमेरिकेचा ज्युनियर विजेता झाला होता आणि त्या जोरावर त्याला या स्पर्धेचं आमंत्रण मिळालं होतं. २० मे १९५६ च्या अमेरिकी गुणांकन यादीत फिशरचे गुण होते १७२६. यादीत सर्वांत वर सॅम्युएल रेशेव्हस्की होता, २६६३ गुणांवर. ही स्पर्धाही रेशेव्हस्कीनेच जिंकली. फिशरला ११ डावांत साडेचार गुण मिळाले, म्हणजे जिंकले त्याहून जास्त डाव तो हरला.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फिशर पुढे जगज्जेता झाला हे आपल्याला माहीत असतं, आणि ते आपण नकळत १९५६ च्या पटावर नेऊन ठेवतो. मग बर्न बिचारा एका भावी जगज्जेत्यासमोर सापडला अशी गोष्ट तयार होते. त्या दिवशी तसं काही नव्हतं. त्या स्पर्धेतल्या फिशरला बाकीचे खेळाडू हरवत होते. बर्नचं पारडं जड होतं, आणि ते योग्य कारणांनी जड होतं.

गुणांतला फरक काय सांगतो तेही इथेच पाहू. आज जगभर चालणारी इलो पद्धत अमेरिकी संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. १९५६ ची यादी आधीच्या पद्धतीची होती, त्यामुळे ते आकडे आजच्या मोजमापात जसेच्या तसे बसत नाहीत. पण तत्त्व तेच. इलोच्या सूत्राप्रमाणे २०० गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूकडून अशा दहा डावांत साधारण साडेसात गुणांची अपेक्षा असते, ४०० गुणांनी वरचढ असेल तर नऊच्या थोडी वर. हे भाकीत अनेक डावांच्या बेरजेचं आहे. आता समोर मांडलेल्या पटावर कुठलं प्यादं कोणाच्या आधारावर उभं आहे, याची सूत्राला काहीच खबर नसते.

आता डाव. घरांची नावं नेहमीप्रमाणे: पांढऱ्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या घरापासून ए, बी, सी असे उभे स्तंभ आणि पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ अशा आडव्या ओळी. आकड्यानंतर ‘…’ असेल तर ती काळ्याची खेळी, आणि ‘घोडा बी-डी-७’ म्हणजे बी स्तंभावरचा घोडा डी-७ वर. पट जवळ असेल तर मांडूनच वाचा. हा डाव नुसता वाचून कळण्यातला नाही.

सुरुवात अशी झाली: १. घोडा एफ-३, घोडा एफ-६. २. प्यादं सी-४, प्यादं जी-६. ३. घोडा सी-३, उंट जी-७. ४. प्यादं डी-४, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला कोपऱ्याकडे सुरक्षित नेणं). ५. उंट एफ-४, प्यादं डी-५. ग्रुनफेल्ड बचावाची मांडणी झाली. ६. वजीर बी-३, डी-५ चं प्यादं सी-४ घेतं. ७. वजीर सी-४ घेतो, प्यादं सी-६. ८. प्यादं ई-४, घोडा बी-डी-७. ९. हत्ती डी-१, घोडा बी-६. १०. वजीर सी-५, उंट जी-४.

इथे थांबून पट पाहिला तर कोणालाही पांढऱ्याची बाजू आवडेल. मध्यभागी डी-४ आणि ई-४ अशी दोन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी आहेत. वजीर, हत्ती, दोन घोडे, एक उंट, सगळे बाहेर आलेले. काळ्याकडे मध्यभागी एकही प्यादं नाही. पण कॅसलिंग फक्त काळ्याचं झालं आहे. पांढऱ्याचा राजा ई-१ वरच आहे, त्याच्या शेजारचा एफ-१ वरचा उंट हललेला नाही, आणि तो हलेपर्यंत एच-१ चा हत्ती कोपऱ्यात कोंडलेला राहणार आहे. पांढऱ्याच्या दहा खेळ्यांपैकी तीन वजिराच्या होत्या. वजीर फिरत राहिला आणि राजाच्या बाजूचं काम मागे पडलं.

काळ्याच्या दहाव्या खेळीने एक धागा ताणला गेला आहे. जी-४ चा उंट एफ-३ च्या घोड्यावर बसला आहे आणि त्या घोड्याच्या मागे तिरक्या रेषेत डी-१ चा हत्ती आहे. घोडा हलला तर हत्ती जातो. उत्तर अगदी साधं आहे: अकरावी खेळी उंट ई-२. घोड्यामागची तिरकी रेषा बंद होते आणि पुढच्याच खेळीला कॅसलिंग करता येतं. मध्यभाग भक्कम, राजा सुरक्षित, आणि काळ्याला अजून ती दोन प्यादी फोडायची आहेत. अशा स्थितीत वरचढ खेळाडूला फारसं काही सिद्ध करावं लागत नाही. डाव लांबत जातो तसा त्याचा अनुभव आपोआप काम करायला लागतो.

बर्न खेळला ११. उंट जी-५.

या खेळीमागचा हेतू कळतो. एफ-६ चा घोडा आणि त्यामागचं ई-७ चं प्यादं, दोन्हींवर दाब येतो, आणि ई-७ वर सी-५ चा वजीरही नजर ठेवून आहे. ही दाब वाढवणारी खेळी आहे, आणि कमी ताकदीचा खेळाडू दाबाखाली चुकतो हे स्पर्धा खेळणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. बर्नच्या मनात नेमकं काय होतं ते मी सांगू शकत नाही. मी पटावरून एवढंच सांगू शकतो की बाहेर आलेलाच उंट दुसऱ्यांदा हलला आणि घरी बसलेला उंट घरीच राहिला. बरोबरीच्या ग्रँडमास्टरसमोर माणूस आधी राजा सुरक्षित करतो. समोरचा लहान असला की ‘ते पुढच्या खेळीला करू’ असं म्हणायचा मोह होतो. असमान डावांत ही गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता मला ती स्वतंत्र आजारासारखी वाटते.

या खेळीनंतर पांढऱ्याचा पट मोहऱ्यांमोहऱ्यांनी तपासून पाहा. ई-४ च्या प्याद्याला आधार फक्त सी-३ च्या घोड्याचा. जी-५ च्या उंटाला वजिराखेरीज आधार एफ-३ च्या घोड्याचा, आणि तो घोडा तर हत्तीपायी जखडलेला, म्हणजे आधार नावापुरताच. सी-५ चा वजीर अशा घरात की ई-४ वर येणारा काळा घोडा त्याच्यावर आणि जी-५ च्या उंटावर एकदमच हल्ला करेल. आणि राजा उघड्या पडू शकणाऱ्या ई स्तंभावर. चार कच्चे दुवे, आणि चारही सी-३ च्या एका घोड्यावर तोललेले. तो घोडा हलला की सगळंच हलतं.

फिशरने नेमका त्यालाच हात घातला: ११… घोडा ए-४.

पहिल्यांदा पाहताना ही खेळी वेडेपणाची वाटते. ए-४ चा घोडा सरळ मारता येतो. तो सी-५ च्या वजिरावर आणि सी-३ च्या घोड्यावर हल्ला करतो, हे खरं, पण १२. घोडा घेतो ए-४ असं का नाही? कारण मग १२… घोडा घेतो ई-४. राखणदार ए-४ ला गेला, प्यादं पडलं, आणि काळा घोडा वजीर आणि उंट दोघांच्याही उरावर बसला. आता १३. उंट घेतो ई-७ केलं तर १३… घोडा घेतो सी-५, १४. उंट घेतो डी-८, घोडा घेतो ए-४, १५. उंट जी-५, उंट घेतो एफ-३, १६. प्यादं घेतो एफ-३, घोडा घेतो बी-२. काळ्याकडे एक प्यादं जास्त आणि पांढऱ्याची राजाकडची प्यादी मोडलेली. १३. वजीर बी-४ असं मागे सरकलं तर १३… घोडा घेतो जी-५, १४. घोडा घेतो जी-५, उंट घेतो डी-१. जखडलेल्या घोड्याचा आधार नावापुरता होता तो असा. १३. वजीर सी-१ केलं तर वजीर ए-५ चा शह, घोडा परत सी-३ वर, मग उंट घेतो एफ-३, प्यादं घेतो एफ-३, घोडा घेतो जी-५ आणि मोहरा परत. प्रत्येक वाट वेगळी आणि शेवट सारखा.

या डावातली सर्वांत अवघड खेळी मला हीच वाटते. वजिराचा बळी पुढे आला तेव्हा फिशरकडे दुसरा पर्याय उरला नव्हता. इथे मात्र घोडा डी-७ सारखी साधी, शहाणी खेळी उपलब्ध होती. लहान खेळाडू मोठ्या खेळाडूसमोर अशा ठिकाणी बहुधा तीच करतो.

बर्नने घोडा मारला नाही. त्याने सगळं पाहिलं असणार, आणि १२. वजीर ए-३ ही समजून केलेली माघार होती. १२… घोडा घेतो सी-३. १३. प्यादं घेतो सी-३, घोडा घेतो ई-४. राखणदार गेला, प्यादं गेलं. १४. उंट घेतो ई-७: आता हा उंट वजीर आणि एफ-८ चा हत्ती दोघांवर. १४… वजीर बी-६. पांढऱ्याला हत्ती घेता येतो, पण १५. उंट घेतो एफ-८, उंट घेतो एफ-८, १६. वजीर बी-३, घोडा घेतो सी-३, आणि आता वजिराने घोडा मारला तर उंट बी-४ येऊन वजिराला राजासमोर जखडतो. राजा ई-१ वर असल्याची किंमत इथे पहिल्यांदा उघड मागितली गेली.

म्हणून १५. उंट सी-४. एफ-१ चा उंट अखेर हलला. आणखी एक खेळी मिळाली असती तर कॅसलिंग झालं असतं. ती मिळाली नाही. १५… घोडा घेतो सी-३. १६. वजीर घेतो सी-३ केलं तर हत्ती एफ-ई-८ ने ई-७ चा उंट राजासमोर अडकतो आणि मोहरा परत जातो. १६. उंट सी-५: बी-६ च्या वजिरावर हल्ला, आणि तिसऱ्या ओळीवरून सी-३ चा घोडाही वजिराच्या माऱ्यात. बर्न इथे उत्तम लढतोय, हे म्हटलंच पाहिजे. काळ्याचे दोन मोहरे एकदम टांगणीला लावणारी ही खेळी आहे. १६… हत्ती एफ-ई-८ शह, १७. राजा एफ-१.

आता काळ्याने घाबरून १७… घोडा बी-५ अशी माघार घेतली असती तर १८. उंट घेतो एफ-७ चा शह, राजा घेतो एफ-७, १९. वजीर बी-३ शह, उंट ई-६, २०. घोडा जी-५ शह, राजा जी-८, २१. घोडा घेतो ई-६, घोडा घेतो डी-४, २२. घोडा घेतो डी-४ आणि उघडा शह, म्हणजे घोडा हटल्याने मागच्या वजिराचा शह. वजिरा-वजिरी झाल्यावर पांढरा मोहऱ्याने पुढे. म्हणजे डाव अजून कोणाच्याही खिशात नव्हता. फिशरला एकच चांगली खेळी होती आणि ती त्याने केली: १७… उंट ई-६. वजीर तसाच सोडून.

बर्नपुढचे पर्याय पाहा. १८. उंट घेतो ई-६ केलं तर वजीर बी-५ शह, १९. राजा जी-१, घोडा ई-२ शह, २०. राजा एफ-१, घोडा जी-३ असा दुहेरी शह, २१. राजा जी-१, वजीर एफ-१ शह! हत्तीने तो वजीर मारावाच लागतो, आणि २२… घोडा ई-२ वर मात. राजाभोवती त्याचेच हत्ती आणि प्यादी, श्वास घ्यायला जागा नाही. १८. वजीर घेतो सी-३ केलं तर वजीर घेतो सी-५, आणि डी-४ च्या प्याद्याने तो मारला की जी-७ च्या उंटाची तिरकी रेषा सी-३ पर्यंत मोकळी होते. वजीर गेला. काळा एका प्याद्याने पुढे राहतो, पण डाव चालू राहतो. पटावर सर्वांत कमी नुकसान बहुधा यातच होतं.

बर्नने वजीर घेतला: १८. उंट घेतो बी-६. मग १८… उंट घेतो सी-४ शह, १९. राजा जी-१, घोडा ई-२ शह, २०. राजा एफ-१, घोडा घेतो डी-४ आणि उघडा शह, २१. राजा जी-१, घोडा ई-२ शह, २२. राजा एफ-१, घोडा सी-३ शह, २३. राजा जी-१, आणि आता शांतपणे ए-७ चं प्यादं बी-६ वरचा उंट घेतं आणि ए-३ च्या वजिरावर हत्तीची रेषा उघडतं. सलग पाच खेळ्या पांढरा फक्त राजा हलवतोय. २४. वजीर बी-४, हत्ती ए-४. २५. वजीर घेतो बी-६, घोडा घेतो डी-१. वजिराच्या बदल्यात काळ्याला एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं मिळालं, आणि त्याचा प्रत्येक मोहरा कामात.

पांढऱ्याकडे अजून वजीर, हत्ती, घोडा आहेत. पण तो हत्ती कुठला? एच-१ चा. २६. प्यादं एच-३, २७. राजा एच-२ केल्यावर त्याला बाहेर यायला वाट मिळाली. २८. हत्ती ई-१ ही त्या हत्तीची डावातली पहिली खेळी, आणि पुढच्याच क्षणी काळ्या हत्तीने तो मारला. पांढरा इतका वेळ एक हत्ती कमी घेऊन खेळत होता. शतकाच्या डावाचं कौतुक करताना या हत्तीकडे कोणी पाहत नाही याचं मला फार वाईट वाटतं. शिकणाऱ्याला वजिराच्या बळीपेक्षा हा हत्ती जास्त शिकवतो. आणि एफ-४ ला बाहेर आलेला तो दुसरा उंट? एफ-४, जी-५, ई-७, सी-५, बी-६ अशा पाच खेळ्या करून प्याद्याच्या हाती मेला.

उरलेला भाग लवकर आटोपतो. काळ्याने दोन उंट, घोडा आणि हत्ती एकमेकांना बांधून पुढे नेले. पांढरा वजीर बत्तिसाव्या खेळीला बी-८ वर गेला आणि शेवटपर्यंत तिथून त्याला काही करता आलं नाही. ३५… उंट सी-५ शहापासून राजा जी-१ वरून एक-एक घर सी-१ पर्यंत हाकलला गेला, आणि ४१… हत्ती सी-२ वर मात झाली.

या दर्जाचे खेळाडू मात होईपर्यंत खेळत नाहीत, आधीच डाव सोडतात. बर्नने तसं केलं नाही. मुलाने सुंदर डाव खेळला आहे, तर त्याला पटावर मात करू द्यावी, असं त्याने ठरवलं, आणि तसं त्याने नंतर सांगितलंही. हरतानाचा हा मोठेपणा मला त्याच्या कुठल्याही विजयाइतकाच मोलाचा वाटतो.

एक प्रश्न या प्रकरणात नेहमी विचारला जातो: फिशर खरंच कमी ताकदीचा होता का, की यादीच चुकीची होती? दोन्हीत तथ्य आहे. यादी मागचे निकाल मोजते, आणि झपाट्याने वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती कायम मागे राहते. ५ मे १९५७ च्या पुढच्या यादीत फिशरचे गुण २२३१ झाले, म्हणजे वर्षभरात ५०० हून जास्त. म्हणूनच आजच्या जागतिक नियमांत १८ वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या खेळाडूंचे गुण ४० च्या गुणकाने हलतात, तर अनुभवी खेळाडूंचे २० किंवा १० ने. पण २२३१ धरले तरी त्या गटात तो खालच्या बाजूलाच होता, आणि साडेचार गुण तेच सांगतात. त्यामुळे बर्नने समोरच्याला कमी लेखलं म्हणून तो हरला, असं म्हणणं मला पटत नाही. सगळ्या डावभर तो नेटाने, डोळसपणे खेळला. १२. वजीर ए-३ आणि १६. उंट सी-५ या बेफिकीर माणसाच्या खेळ्या नाहीत. त्याच्याकडून फक्त एक खेळी कमी पडली, ती त्याने अकराव्या वेळी करायला हवी होती, आणि त्यानंतर तिच्यासाठी वेळ मिळालाच नाही.

हे प्रकरण शिकवायला घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्यांसमोर सतराव्या खेळीची स्थिती मांडून ‘काळ्याने काय करावं’ असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांना पाठ असतं. दहाव्या खेळीनंतरची स्थिती मांडा, नावं सांगू नका, पांढरी बाजू त्यांच्याकडे द्या. बरेच जण हौसेने उंट जी-५ खेळतील. मग तुम्ही घोडा ए-४ वर ठेवा आणि त्यांना पुढच्या चार खेळ्या स्वतः शोधू द्या.